शिक्का ज्याच्या हाती

२०२० च्या एप्रिलमध्ये बीजिंगच्या दांगदांग या ऑनलाइन पुस्तकविक्री कंपनीचे एक संस्थापक ली ग्वोचिंग काही माणसं घेऊन कार्यालयात शिरले आणि कंपनीचे ४७ शिक्के उचलून घेऊन गेले. जाताना पावतीही लिहून ठेवली! कंपनी चालवत होत्या त्यांच्या पत्नी, आणि दोघांचं बिनसलेलं. शिक्के बाद झाल्याचं कंपनीला जाहीर करावं लागलं.

माझी नोकरी बँकेत चेकवरची सही नमुना सहीशी ताडून बघण्यात गेली, त्यामुळे मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सही म्हातारपणी थरथरते, पण असते माणसापाशीच. चीनमध्ये कंपनीचं वजन त्या गोल लाल ठशात, आणि ठसा ज्याच्या खिशात त्याचा.

प्राचीन चीनच्या हान राजवटीत बांबूच्या पट्ट्यांवरचा मजकूर दोरीने बांधायचे, गाठीवर ओली माती थापून तीत शिक्का दाबायचे. माती फुटली की समजायचं, कुणीतरी आधीच वाचलंय. आपल्याकडे रजिस्टर पाकिटावर असायची त्या लाखेचंच काम. पुढे कागद आला, माती गेली, लाल रंग आला. आणि सत्ताधीशांच्या हाती शिक्का आला की काय होतं ते अठराव्या शतकातल्या छ्यानलोंग बादशहाने दाखवलं. थोर सुलेखनकार वांग शीचीच्या २८ अक्षरांच्या एका चिमुकल्या पत्राची प्राचीन नक्कल त्याच्या संग्रहात होती. तिच्याभोवती त्याने इतके शिक्के मारले की अक्षरं शोधावी लागतात. संग्राहकांच्या ठशांमुळे कलाकृती कुणाकुणाकडे होती ते कळतं, हे मान्य. पण एकट्याने एवढे? ही मला सरळ मुजोरी वाटते.

शिक्का खरा माणसाचा झाला तो मऊ दगडामुळे. कांसं आणि जेड कोरायला कसबी कारागीर लागे. युआन काळातला चित्रकार वांग म्यान मऊ दगडावर स्वतःच कोरू लागला, मिंग काळात वन फंगने ती वाट रुळवली, आणि छिंगत्यान, शौशानच्या दगडांवर पंडितांची छिन्नी चालू लागली. चित्रकार आणि मुद्राकार छी बायशी तर मुळातला सुतार. हांगचौमध्ये १९०४ साली मुद्राकारांनी शीलिंग संस्था काढली. २००९ मध्ये युनेस्कोनेही या कलेची दखल घेतली. ठशाचा रंगही साधा नव्हे: हिंगूळ, एरंडेल आणि दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीचे तंतू घोटून तो करतात.

मला मात्र सर्वांत आवडते ती दगडाची बाजू. तळाला मालकाचं नाव असतं. बाजूवर पुष्कळदा कोरणारा आपलं नाव, साल, कुणासाठी कोरलं तेही बारीक अक्षरांत लिहितो. शिक्का चोरणाऱ्याला मालकाचं नाव वापरता येईल, कोरणाऱ्याचं नाही. चीनला जाऊन आलेले आपले लोक हौसेने नावाचे शिक्के करून आणतात आणि तळाचं नाव दाखवतात. मी आधी दगड आडवा धरून पाहतो.