सोनोग्राफी नॉर्मल, रुग्ण आडवी: फॉग्सीला खुले पत्र

प्रति,
फॉग्सी (स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ संघटनांचा महासंघ), मुंबई

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजकोशांवर, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित श्वासपटलावरही. पाळीच्या संप्रेरकांना त्या प्रतिसाद देतात, तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. महासंघाच्या सभासदांनी हे सारे एमबीबीएसलाच वाचलेले असते. ओपीडीत ते आठवत का नाही, एवढाच प्रश्न उरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात 19 कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे. तरीही त्याचे निदान व्हायला वर्षे जातात. ब्रिटनमध्ये 2020 साली सरासरी 8 वर्षे लागत होती. 2024च्या अहवालात ती 8 वर्षे 10 महिने झाली, आणि अल्पसंख्य वांशिक समाजांतल्या स्त्रियांसाठी 9 वर्षे 11 महिने. तिथल्या संसदीय गटाच्या 2020च्या चौकशीत दहा हजारांहून अधिक जणींनी अनुभव नोंदवले. त्यातल्या 58 टक्के जणी निदानापूर्वी फॅमिली डॉक्टरकडे दहाहून अधिक वेळा गेल्या होत्या, 53 टक्के जणींना तातडीच्या विभागात धाव घ्यावी लागली होती. तेराव्या वर्षी सुरू झालेल्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत दहावी आणि पदवी उरकून पहिली नोकरी लागलेली असते. हे ब्रिटनचे झाले, जिथे हा उशीर मोजला तरी जातो.

आपल्याकडे बंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात यंत्रांची वानवा नाही. आउटर रिंग रोडच्या आयटी पार्कांत पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून आलेल्या मुली काम करतात आणि सोनोग्राफी सेंटर हाकेच्या अंतरावर असते. अडते ते तपासणीच्या रीतीत. अविवाहित मुलीची सोनोग्राफी बहुधा पोटावरूनच होते. बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ, त्यात दिसू शकते. गर्भाशयामागच्या अस्थिबंधातली किंवा आतड्यावरची गाठ सहज निसटते. योनिमार्गे सोनोग्राफी अशा गाठींसाठी अधिक उपयोगी, ती शक्य नसेल तर गुदमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय करता येतो. वरवरचे डाग मात्र यांपैकी कशातही दिसतीलच असे नाही, आणि डाग छोटे म्हणून वेदना छोटी हेही खरे नाही. तरीही हातात पडतो तो नॉर्मल रिपोर्ट, सोबत वेदनाशामक गोळी आणि ताण कमी घेण्याचा मोफत सल्ला.

मानवी प्रजननावरील युरोपीय संस्था एश्रेच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांत यातले बरेच काही स्पष्ट आहे. तपासणी आणि इमेजिंग निर्दोष आले तरी आजार नाही असे ठरत नाही. लॅप्रोस्कोपी ही निदानाची अनिवार्य पायरी राहिलेली नाही. लक्षणांवरून संशय धरून संप्रेरकांचे उपचार सुरू करता येतात. सीए-125च्या रक्तचाचणीवर निदान करू नये. आणि केवळ उपचार म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये. ‘लग्न झालं की थांबेल, एक मूल होऊ दे’ हे वाक्य आजही प्रिस्क्रिप्शनच्या जोडीने मिळते. ते आजीने म्हटले तर समजते. एमडीची पाटी लावलेल्या दारामागून ते ऐकू यावे, हे महासंघाला शोभते काय?

याची दुसरी बाजू महाराष्ट्राला परिचित आहे. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांच्यापैकी कितींना कोणता आजार होता, हा वेगळा विषय. पण पाळीच्या तक्रारीवर एक तर दुर्लक्ष, नाही तर थेट पिशवी काढणे, या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी आहे. एंडोमेट्रिओसिसचे डाग गर्भाशयाबाहेर असतात. ते तसेच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणे उरू शकते.

ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, फ्रान्सने 2022 मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले. कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये पाळीसाठी वर्षाला 12 दिवसांची पगारी रजा मंजूर केली. पाळीचे दुखणे खरे असते हे मंत्र्यांना पटले. आता फक्त डॉक्टरांना पटायचे बाकी आहे.

महासंघाकडे मागण्या साध्या आहेत. पाळीत शाळा किंवा काम बुडते का, शौचाला वा लघवीला जाताना दुखते का, संबंधांच्या वेळी दुखते का, घरात आई-बहिणीला असा त्रास होता का, हे प्रश्न प्रत्येक सभासदाने विचारावेत आणि केसपेपरवर उत्तरे लिहावीत. उपचारांनी फरक पडला नाही तर रुग्णाला या आजाराचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाकडे वेळेत पाठवावे; वंध्यत्व केंद्रात पहिल्यांदा निदान होण्याची वाट पाहू नये. या आजाराच्या जागृतीसाठी मार्चमध्ये लावायच्या पिवळ्या फिती आणि हॉटेलातल्या परिषदा खुशाल चालू राहोत, पण निदानाला किती वर्षे लागली याची देशभरची नोंद महासंघाने ठेवावी आणि दरवर्षी प्रसिद्ध करावी. आणि मुलगी अविवाहित म्हणून तपासणी पोटावरूनच झाली असेल, तर रिपोर्टवर नुसते ‘नॉर्मल’ न लिहिता तपासणी अपुरी आहे असे लिहावे.