शिकवणीच्या पैशाचा हिशेब

परदेशीं जाणाऱ्या धन्यानें चाकरांस द्रव्य सोंपवलें व परत येतांच हिशेब मागितला, हा शुभवर्तमानांतील दाखला आम्ही शिक्षक मुलांस दरवर्षीं सांगतों. स्वतःस मात्र क्वचितच सांगतों.

मागें पडलेल्या मुलांस सरकारी पैशानें जादा शिकवणी मिळावी, हें योग्यच होय. प्रश्न इतकाच, कीं तिचा हिशेब कोणीं कोणास द्यावयाचा? कोरोनाच्या साथींत शाळा बंद असतां १ जुलै २०२१ पासून आपल्या राज्यांत ४५ दिवसांचा सेतु अभ्यासक्रम झाला. हेतु उत्तम होता. परंतु खरें सांगावयाचें तर मींही त्या दिवसांत रकानेच भरले. उपस्थिति किती, चाचण्या किती, सारें कागदावर आलें. माझ्या वर्गांतील एका मुलीस अपूर्णांक समजत नसत. तिची आई पहांटे भाजीची पाटी घेऊन विरारच्या गाडीस जात असे. मुलीस ते पुढें समजले काय, हें मला वरून कोणीं विचारलें नाहीं. आणि मींही त्या माउलीस कांहीं कळविलें नाहीं.

असें इतरत्रही घडतें. इंग्लंडांत २०२० सालीं राष्ट्रीय शिकवणी योजना निघाली. दुसऱ्या वर्षीं तिचा कारभार रँडस्टॅड कंपनीकडे गेला. ठरविलेली संख्या गांठेना, तेव्हां २०२२ मध्यें तें काम काढून घेऊन पैसा थेट शाळांच्या हातीं देण्यांत आला. २०२४ मध्यें योजनाच संपली.

कोणी म्हणेल, निकाल पाहूनच पैसा द्या. तोही प्रयोग होऊन गेला आहे! १८६२ सालीं विलायतेंत, व त्याच दशकांत मुंबई इलाख्यांतही, निरीक्षकसाहेब मुलांची परीक्षा घेत आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेचें अनुदान ठरे. घोकंपट्टीस ऊत आला. आणि ज्याच्या पास होण्याची आशा नसे, तो मुलगा शिक्षकास ओझें वाटूं लागला. शिकवणी ज्याच्यासाठीं, तोच असा बाहेर राहतो.

म्हणून माझें मत असें, कीं हिशेब एकेका मुलाचा असावा व तो पालकांसमोर मांडावा. पहिल्या दिवशीं मुलाच्या हातचें एक पान, शेवटच्या दिवशीं दुसरें, दोन्हींवर शिक्षकाची सही. यास खर्च तो काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. आमच्यासारख्या अल्पसंख्य संस्थांत २०१२ च्या दुरुस्तीनें ती समिति केवळ सल्ल्यापुरती उरली, हें खरें. पण सल्ला देणाऱ्यानेंही आधीं पाहिलें पाहिजे. पालकही, क्षमा असावी, सभेंत बहुधा फीविषयीं व सहलीविषयींच विचारतात.

येत्या पालकसभेस मुलाची गणिताची वही बरोबर आणावी. आम्हीही आमची टिपणें घेऊन बसूं.