जिवाणूभक्षक? तो तर काहीच खात नाही!

मुलांनो, या पाठाच्या शब्दसूचीत तुम्हाला 'जिवाणूभक्षक' हा शब्द दिसेल. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि भक्षक म्हणजे खाणारा. मी मराठी शाळेत होतो तेव्हा हा शब्द पाठ केला आणि डोक्यात एक चित्र बसलं: छोटासा राक्षस जिवाणूचे लचके तोडतोय. पुढे इंजिनिअरिंगला गेलो, जीवशास्त्र सुटलं, चित्र तेवढं राहिलं. तुमच्यासाठी हा पाठ तयार करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ते साफ चुकीचं आहे. माझ्या मते चूक त्या शब्दातच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, इंग्रजीतही बॅक्टेरिओफेजच म्हणतात ना? बरोबर. त्यातला 'फेज' ग्रीक भाषेतून आलाय आणि त्याचाही अर्थ खाणं असाच. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स देरेल या शास्त्रज्ञाने हे नाव दिलं. तो हगवणीच्या जिवाणूंवर काम करत होता. काचेच्या बशीत जिवाणूंचा धुरकट थर वाढलेला असायचा आणि त्यात मध्येच गोल, स्वच्छ ठिपके दिसायचे. कपड्याला कसर लागावी तसे. कुणीतरी खाल्लंय असं त्याला वाटलं, यात नवल नाही. तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यामुळे 'खाणारा' दिसायचा प्रश्नच नव्हता. पण आज आपल्याला सगळं माहीत आहे, तरी आपण तेच नाव चालवतोय.

मग खरं घडतं काय? टी-४ नावाचा फेज घ्या. तो ई. कोलाय या आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूवर जगतो. टी-४ ला एक डोकं, एक शेपूट आणि शेपटीला पायांसारखे बारीक तंतू असतात. तंतूंनी तो जिवाणूचा पृष्ठभाग चाचपतो. ओळख पटली की घट्ट बसतो, शेपटीचं बाहेरचं वेष्टन आकसतं आणि आतली नळी जिवाणूच्या भिंतीतून आरपार जाते. डोक्यातला डीएनए त्या नळीतून आत उतरतो. बस, एवढंच आत जातं. डोकं, शेपूट, पाय सगळं बाहेर! आता मला सांगा, जेवायला आलेला पाहुणा तोंड आणि पोट दाराबाहेर ठेवून घरात शिरतो का?

हे नुसतं बोलणं नाही, प्रयोगाने दाखवलेलं आहे. १९५२ साली अमेरिकेत आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी टी-४ चा सख्खा भाऊ टी-२ घेतला. फॉस्फरस त्याच्या डीएनएमध्ये असतो, गंधक फक्त प्रथिनांच्या कवचात. दोघांनाही किरणोत्सारी खूण केली, फेज जिवाणूंवर सोडले आणि मग चक्क स्वयंपाकघरातल्यासारख्या मिक्सरमध्ये सगळं घुसळलं. बाहेर चिकटलेली कवचं सुटून आली. गंधक बहुतेक बाहेर, फॉस्फरस बहुतेक आत. (हा प्रयोग मला शाळेत कुणी सांगितला असता तर मी कदाचित कॉम्प्युटरकडे वळलोच नसतो.)

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. पहिली काही मिनिटं तुम्ही तो जिवाणू फोडून बघितला तर आत एकही फेज सापडत नाही. फेज गायब! आत आहे तो फक्त निरोप. जिवाणूचं स्वतःचं काम थांबतं आणि त्याचीच यंत्रणा त्या निरोपाप्रमाणे राबायला लागते. डीएनएच्या प्रती निघतात. डोकी वेगळी बनतात, शेपट्या वेगळ्या. डोक्यात डीएनए ठासून भरला जातो, मग शेपूट जोडली जाते. साधारण अर्ध्या तासात जिवाणूची भिंत आतून फुटते आणि शंभराच्या वर नवे फेज बाहेर पडतात. जिवाणू मरतो हे खरं, पण त्याला कुणी खाल्लेलं नसतं. त्याला राबवून घेतलेलं असतं.

काही फेज तर मारतही नाहीत. लॅम्डा नावाचा फेज आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएमध्ये जोडून गप्प बसू शकतो. जिवाणूची पिल्लं होतात, त्यांच्याबरोबर याचीही प्रत होते. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष बनवण्याची माहितीसुद्धा अशाच एका फेजने त्या जिवाणूला दिलेली आहे, हे १९९६ साली समजलं. म्हणजे इथे 'भक्षक' उलट जिवाणूला हत्यार देतोय!

शब्दाने एवढं काय बिघडतं, असं काही पालक मला विचारतात. बिघडतं. भक्षक म्हटलं की वाटतं, तो दिसेल तो जिवाणू गिळेल. पण फेज फार चोखंदळ असतो. बहुतेक फेज एकाच जातीच्या, त्यातही ठरावीक वाणांच्या जिवाणूंवर बसतात. २०१६ साली सॅन दिएगोमध्ये टॉम पॅटरसन हे प्राध्यापक मरणाच्या दारात होते, कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं. फेज देऊन ते वाचले. पण कुठलाही फेज उचलून दिला नव्हता. त्यांच्या शरीरातल्या जिवाणूला जुळणारे फेज आधी शोधावे लागले. असे उपचार उद्या तुमच्यासमोर येतील तेव्हा डॉक्टरांना 'हा माझ्या जिवाणूला जुळतो का?' असं विचारता आलं पाहिजे. राक्षसाच्या चित्रातून हा प्रश्न सुचत नाही.

मग दुसरा शब्द कोणता? कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा तिचं पिल्लू वाढवतो, ही गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. म्हणून कोकिळेला एक जुनं नाव आहे, परभृत. दुसऱ्याने पोसलेला. त्यावरून मी म्हणतो, 'जिवाणूभृत'. कावळ्याचं घरटं काही फुटत नाही, हे मान्य. पण खाण्यापेक्षा हे पुष्कळ जवळचं आहे. याहून चांगला शब्द सुचला तर वर्गात सांगा. परीक्षेत मात्र सध्या 'जिवाणूभक्षक'च लिहा, कारण उत्तरपत्रिका मी एकटा तपासत नाही.