‘मॅडम, पॅनल गेलंय!’ थांबा जरा...

टीव्ही बंद पडला की टेक्निशियन येतो, मागचं कव्हर न उघडताच मान हलवतो आणि म्हणतो, ‘मॅडम, पॅनल गेलंय. नवीनच घ्या.’ माझ्या निम्म्या मित्रमैत्रिणींनी हा डायलॉग ऐकलाय. पॅनल म्हणजे टीव्हीतला सगळ्यात महागडा पार्ट. वॉरंटी संपली असेल तर त्याच्या किमतीत थोडीशी भर घालून नवाकोरा सेट येतो. सो, ईएमआयचा फॉर्म भरण्याआधी दहा मिनिटं द्या.

आवाज येतोय पण स्क्रीन काळी? खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनजवळ तिरका धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं, तर बॉस, पॅनल जिवंत आहे! गेलीये ती बॅकलाइट. एलसीडी पॅनलला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात. हे दिवे एकापुढे एक जोडलेले, त्यामुळे दिवाळीच्या माळेसारखं एक गेला की बाकीचेही झोपतात. पट्ट्या बदलून मिळतात, आणि पॅनलच्या मानाने खूप स्वस्तात. फक्त काम डोळ्यांसमोर करून घ्या आणि जुन्या पट्ट्या हातात मागा. (ओएलईडीवाल्यांनी हा पॅरा विसरा, तुमच्याकडे बॅकलाइट नसतेच.) मात्र स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो.

या पट्ट्या लवकर जातात त्या उष्णतेने. शोरूममधला झगमगाटी ‘व्हिव्हिड’ मोड आणि शंभरावर ठेवलेली बॅकलाइट ही वन बीएचकेच्या हॉलमध्ये कशाला हवी, मला कळत नाही. कमी करा. डोळेही दुवा देतील.

स्क्रीनवर रेघा आल्या तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्वच्छ दिसला तर दोष केबलचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा. एचडीएमआय केबल आणि पोर्ट बदलून बघा. रेघ मेनूलाही कापत गेली, तर आजार टीव्हीच्या आत आहे. टी-कॉन नावाचं छोटं बोर्ड किंवा त्याची पट्टीसारखी केबल बिघडली असेल तर आशा आहे. एकच बारीक उभी रेघ, हलत नाही, जात नाही? मग बहुतेक पॅनलच. सॉरी.

‘नो सिग्नल’ किंवा हँग? रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद होत नाही, डुलकी घेतो. टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढा, दोन मिनिटांनी लावा. रिमोट मेलाय असं वाटलं तर तो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून पॉवरचं बटण दाबा. जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक. (ब्लूटूथवाल्या रिमोटला ही युक्ती चालेलच असं नाही.)

पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड. काचेचा स्प्रे नको, कोटिंग जातं.

आणि विजा कडाडण्याची चिन्हं दिसली की, त्या सुरू होण्याआधीच, नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची किंवा केबलची वायरही काढा. वीज त्या वायरीतूनही आत येते, आणि तिथे तुमचा स्पाइक गार्ड नसतो.