फराळानंतर एक पुस्तक

'दिवाळीत काय वाचावे?' हा वाचकांचा नेहमीचा प्रश्न. यंदा एकच नाव सांगतो: रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). बोराडे आमच्या लातूर जिल्ह्याचेच. गावच्या शिंप्याची बायको संसाराची वाताहत आपल्या मराठवाडी बोलीत सांगते.

येथे उदगीरला मुलांची हीच बोली 'अशुद्ध' म्हणून मी वर्षानुवर्षे लाल शाईने खोडीत आलो. एका विद्यार्थिनीने हे पुस्तक नेले. परत करताना म्हणाली, "सर, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'ही बाई तर आपल्यावानीच बोलती की!'"

मी ओशाळलो. तेव्हापासून लाल शाई जपून वापरतो.

तेव्हा वाचकहो, 'पाचोळा' मनात वाचू नका. फराळ आटोपला, की घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.