‘पुश रिजेक्टेड’ आलं? ‘फोर्स’ वापरण्याआधी थांबा!

फायनल इयर प्रोजेक्टच्या सबमिशनची आदली रात्र. ग्रुपमधला एक जण कोड गिटहबवर टाकायला जातो आणि स्क्रीनवर ‘रिजेक्टेड’ असा मेसेज येतो. घाईत तो इंटरनेटवर सापडलेली ‘फोर्स’ची कमांड चालवतो. कोड चढतो, पण दुसऱ्या मित्राचं तीन दिवसांचं काम ब्रँचवरून गायब होतं. इंजिनीअरिंगला असताना आमच्याच ग्रुपमध्ये हे घडलं. मित्राच्या लॅपटॉपवर त्याचे कमिट शिल्लक होते, म्हणून वाचलो. चूक गिटची नव्हती. मेसेज आम्ही वाचलाच नव्हता.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट तयार केलं. अनेकांनी एकाच कोडवर काम करताना कुणाचंही काम पुसलं जाऊ नये, याची काळजी ते घेतं. त्यामुळे पुश नाकारला जाणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो, तो इशारा असतो.

फाइल कमिट होत नाही?
आधी ‘गिट स्टेटस’ बघा. बऱ्याचदा ‘गिट अ‍ॅड’ करायचं राहिलेलं असतं, किंवा फाइलचं नाव ‘गिटइग्नोर’च्या यादीत असतं. रिकामा फोल्डर तर गिट नोंदवतच नाही. आणि कमिट झालं म्हणजे फाइल गिटहबवर गेली असं नाही. कमिट तुमच्या संगणकावरच राहतं, पुश केल्यावर ते सर्व्हरवर जातं.

‘फेच फर्स्ट’ म्हणजे काय?
तुमच्याकडे नसलेले कमिट सर्व्हरवर आहेत. आधी ‘गिट पुल’ करा, कॉन्फ्लिक्ट आला तर दोघांनी बसून सोडवा, मग पुश करा. फोर्स करावाच लागला तर ‘फोर्स विथ लीज’ हा पर्याय वापरा. तुम्ही शेवटचं अपडेट घेतल्यानंतर सर्व्हरवर बदल झाला असेल, तर तो पुश थांबवतो.

पासवर्ड बरोबर, तरी नकार?
१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब पुशसाठी अकाउंटचा पासवर्ड स्वीकारत नाही. पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन किंवा एसएसएच की लागते.

फाइल मोठी आहे?
गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. ती डिलीट करून नवं कमिट केलं तरी उपयोग नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. फाइल शेवटच्याच कमिटमध्ये असेल तर ती गिटमधून काढून तेच कमिट ‘अमेंड’ करा.

काम हरवलं?
घाबरू नका. ‘गिट रीफ्लॉग’मध्ये त्या संगणकावरचे आधीचे कमिट सहसा सापडतात. मात्र जे कमिटच केलं नव्हतं, ते तिथे मिळणार नाही. म्हणून छोटे-छोटे कमिट करा आणि रोज पुश करा.

आता मुद्द्याचं. विद्यार्थ्यांकडून गिटहबची लिंक मागायची आणि गिट मात्र त्यांनी आपापलं शिकावं, ही अपेक्षा चुकीची आहे. किमान एक प्रॅक्टिकल असं हवं, ज्यात दोघे मुद्दाम एकाच ओळीत बदल करतील, कॉन्फ्लिक्ट घडवतील आणि शांतपणे सोडवतील. कमांड पाठ करून हे येत नाही. लाल अक्षरांतला मेसेज वाचायची सवय लागली, तर सबमिशनच्या रात्री कुणाचं काम पुसलं जाणार नाही.