पट्टी कोणाची, बैठक कोणाची? रत्नागिरीच्या स्थानिक पैशाचा दीडशे वर्षांचा वाद

१/ गावाचा, वाडीचा, प्रभागाचा सार्वजनिक पैसा कोणत्या कामावर खर्च व्हावा हे तेथील रहिवाशांनीच ठरवावे, या विचाराचे दोन दावेदार समाजमाध्यमांवर नित्य भेटतात. एक म्हणतो, ही ब्राझीलची देणगी. दुसरा म्हणतो, आमच्या गावकीत हे शेकडो वर्षे चालत आले आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास या दोन्ही दाव्यांना टिकू देत नाही. (थ्रेड)

२/ पहिला दावा लवकर आटोपता येतो. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ साली कामगार पक्षाच्या नगर प्रशासनाने वस्तीवस्तीत सभा भरवून गटारे, रस्ते, शाळा यांचा अग्रक्रम लोकांकडून ठरवून घेण्यास प्रारंभ केला. जगभर त्याचे अनुकरण झाले. केरळने १९९६ साली लोकयोजना मोहीम उभारून राज्याच्या योजना निधीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवण्याची प्रथा पाडली. हे सर्व खरेच आहे. परंतु सार्वजनिक पैशावर हक्क सांगण्याची भाषा कोकणाला शिकण्यासाठी १९८९ ची वाट पाहावी लागली नव्हती, हेही तितकेच खरे.

३/ दुसरा दावा अधिक मोहक, आणि म्हणूनच अधिक घातक. रत्नागिरीच्या गावोगावी गावकी आहे. मानकरी आहेत, पालखी आहे, शिमग्याचा खर्च आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आहे. गिरणगावातील चाळींत एकेका गावाची ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. गिरणीतल्या पगारातून दरमहा बाजूला काढलेल्या पैशातून गावच्या शाळेची कौले बदलली गेली, वहाळावर साकव पडले. मुंबईच्या कापडगिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रस्थानी होता, हे ध्यानी घेतले की या मंडळांचे महत्त्व कळते. त्यात आदर करण्याजोगे पुष्कळ आहे.

४/ पण आदर वेगळा आणि दंतकथा वेगळी. ‘आमची गावे म्हणजे छोटी प्रजासत्ताकेच’ हे वाक्य अभिमानाने उद्धृत करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते की ही कल्पना रूढ केली ती चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३० साली, उत्तर हिंदुस्थानातील महसुलाची चर्चा करताना. कोकणाचे वर्णन म्हणून ती लिहिलेली नव्हती. कोकणात गाव होते, पण गावावर खोत होता.

५/ खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांमधला वसुलीचा मक्तेदार. सरकारात ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून आपला हिस्सा घ्यायचा. अनेक गावांत भाताच्या पिकाचा निम्मा हिस्सा खोताच्या घरी जाई, वेठ निराळी. कुळाने पिकवलेल्या धनाचा हिशेब कुळाला पाहता येत नसे. अशा गावात बैठक भरत नसे असे नाही. बैठक भरे, निर्णय होत, पट्टी बसे. प्रश्न एवढाच की पट्टी देणाऱ्यांपैकी किती जणांना त्या बैठकीत तोंड उघडता येत होते?

६/ आता सरकारी पैशाकडे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा असा जादा कर बसवण्यात आला. यालाच लोकल फंड म्हणत. त्याचा एक तृतीयांश शाळांसाठी आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांसाठी. कर शेतकऱ्याचा, नाव ‘स्थानिक’, आणि खर्चाचा निर्णय मात्र कलेक्टरच्या छायेतील समितीचा. स्थानिक निधी या शब्दातला ‘स्थानिक’ हा तेव्हापासूनच वसुलीपुरता आहे.

७/ या विसंगतीवर सर्वांत आधी आणि सर्वांत नेमके बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता: सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामाचे, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. त्याआधी पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य असताना व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावाला त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असे सुचवले. मत एकट्याचे पडले. आजच्या भाषेत ज्याला लोकसहभागी अंदाजपत्रक म्हणतात, त्याचा मराठी आरंभ शोधायचाच असेल तर तो देवळाच्या सभामंडपात सापडण्यापेक्षा या एकाकी विरोधी मतात सापडण्याचा संभव अधिक.

८/ १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. शालेय पुस्तके येथे ‘स्थानिक स्वराज्याचे जनक’ असे लिहून पुढे जातात. मतदानाचा हक्क मालमत्तेशी बांधलेला होता आणि जिल्हा बोर्डाच्या डोक्यावर कलेक्टरच बसलेला होता, हे लिहिण्यास त्यांना जागा पुरत नाही.

९/ गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०८ साली विकेंद्रीकरण आयोगापुढे साक्ष देताना तळाशी ग्रामपंचायत, मध्ये जिल्हा मंडळ आणि वर विस्तारित कायदेमंडळ अशी रचना मांडली. मवाळ म्हणून ज्यांची थट्टा होते त्यांची ही मागणी आजही पूर्णतः अमलात आलेली नाही.

१०/ यानंतरचा टप्पा बहुतेक थ्रेडांतून गळतो, कारण तो ‘सामाजिक’ रकान्यात टाकला जातो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय. ठरावाची खिळी ‘सार्वजनिक पैसा’ या दोन शब्दांत आहे. ज्या खजिन्यात सर्वांचा पैसा जातो, त्यातून उभ्या राहिलेल्या वस्तूवर सर्वांचा हक्क.

११/ रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर सीमेलगत असलेल्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसे त्या तळ्याचे पाणी प्याली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयात तळे सार्वजनिक नाहीच, असा दावा लढवला गेला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. दहा वर्षे चाललेल्या त्या खटल्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता: नगरपालिकेची मालमत्ता म्हणजे नेमकी कोणाची?

१२/ आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये. घटना समितीत त्यांनी गावाविषयी जे कठोर शब्द वापरले, ते वाचून ‘आंबेडकर पंचायतींच्या विरोधात होते’ असा निष्कर्ष काढणारे हा सगळा क्रम गाळतात. खोताच्या जिल्ह्यातले घराणे असलेल्या माणसाने गावाची पूजा का करावी? त्यांचा आक्षेप गावाने ठरवण्याला नव्हता. ‘गाव’ म्हणून कोण मोजला जातो, याला होता.

१३/ आणि मोजणीचाच प्रश्न काढला तर रत्नागिरीत तो स्त्रियांपाशी येऊन थांबतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. पुरुष मुंबईला, शेत, गुरे, पाणी, म्हातारी माणसे बाईच्या डोक्यावर. तरीही गावकीची बैठक परंपरेने पुरुषांची आणि मंडळाची सभा दादर-परळची. उन्हाळ्यात कोणती विहीर आधी आटते हे जिला ठाऊक, ती बैठकीबाहेर. जो शिमगा-गणपतीला येतो, तो निर्णय घेणार. गावकीला लोकशाहीचा आद्य नमुना ठरवणाऱ्यांनी या एका आकड्याचे उत्तर द्यावे. शिवाय गावकीचा निर्णय न मानणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकण्याची रीत कोकणात इतकी मुरलेली होती की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

१४/ म्हणून ग्रामसभा श्रेष्ठ. ती जुनी आहे म्हणून नव्हे. तिच्या दारात मतदार यादीखेरीज दुसरी पात्रता विचारली जात नाही म्हणून. ग्रामपंचायत कायदा १९५८ चा. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून निधी थेट ग्रामपंचायतींकडे वळवला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे होऊ लागले.

१५/ आता कायद्याच्या फटी पाहा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी संख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे गाव न जमणे हीच काही जणांची सोय. सभेचे रूढ दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांना आधीच बांधलेला. पाणी महत्त्वाचे नाही असे कोण म्हणेल? पण अग्रक्रम दिल्लीत ठरवून सही गावात घ्यायची, याला लोकल फंडाच्या काळापेक्षा फार पुढची व्यवस्था म्हणता येत नाही. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा मोठा पैसा तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत वाटला जातो. तेथे वाडीचा आवाज शिफारसपत्राच्या रूपानेच पोहोचतो.

१६/ गावाची ही स्थिती, तर शहराची त्याहून बिकट. रत्नागिरी नगरपालिका १८७६ ची. दीडशे वर्षांच्या या संस्थेच्या अंदाजपत्रकावर रहिवाशाला मत देता येईल अशी सभाच नाही. २००९ साली राज्याने महापालिका व नगरपरिषदा यांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली, तीही केंद्राच्या नागरी निधीची अट म्हणून. आणि अध्यक्षस्थान नगरसेवकालाच दिले. ज्याचा हिशेब मागायचा तोच सभेचा अध्यक्ष! ती तरतूद राज्यभर कागदावरच राहिली.

१७/ त्यानंतर जे घडले त्याची नोंद भावी इतिहासकार घेतीलच. २०२२ पासून राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा, रत्नागिरीच्या दोन्ही संस्थांसह, प्रशासकांच्या हाती होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावर निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. तोवर अंदाजपत्रक मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा अधिकारी एकच. १८८४ च्या कायद्यात निदान निम्मे सदस्य निवडून येत असत.

१८/ नेहमीचा आक्षेप असा की लोकांच्या हाती ठरवणे दिले तर ते फक्त बाक, पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपच मागतात. पुण्याचा दाखला दिला जातो. पुण्यात नागरिकाने सुचवलेल्या एका कामाला ५ लाखांची मर्यादा ठेवली गेली. पाच लाखांत जलवाहिनी बदलता येत नाही, बाकच बसतो. मर्यादा प्रशासनाने आखायची आणि क्षुद्रतेचा दोष नागरिकाच्या माथी मारायचा, ही रीत जुनीच आहे. पोर्तो अलेग्रेत गरीब वस्त्यांनी सांडपाण्याच्या वाहिन्या मागितल्या, कारण तेथे त्या मागता येण्याइतका पैसा सभेपुढे ठेवला होता. तेथील उपक्रमही पुढे दुबळा झाला आणि २०१७ मध्ये स्थगित झाला. प्रशासनाच्या मर्जीवर उभा असलेला हक्क मर्जीबरोबर जातो.

१९/ दुसरा आक्षेप, ‘निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत, मग लोक कशाला?’ प्रतिनिधी नको असे कोणी म्हणत नाही. परंतु सुचवणे आणि ठरवणे यांत फरक आहे. अर्ज भरून घेणे, मग अभियंत्याने तो ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ म्हणून बाजूला सारणे, आणि नकाराचे कारणही न कळवणे, याला सहभाग म्हणू नये. फेटाळलेल्या प्रत्येक कामाचे लेखी कारण, खर्चाआधी हिशेबाचे वाचन, आणि सभेचा ठराव बंधनकारक. फुले यांच्या काळापासून मागणी एवढीच आहे.

२०/ मोडी बखरी लावून वाचणाऱ्या तरुण वाचकांसाठी एक कागद मात्र मोडीपेक्षा सोपा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ‘नमुना १’ म्हणजे वर्षाचे अंदाजपत्रक असते. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाच्या नावाने पाहता येतो. पुढची ग्रामसभा तहकूब होण्याआधी आपल्या गावचा तो कागद उघडावा, आणि कोणत्या वाडीचे नाव त्यात तीन वर्षांत एकदाही आले नाही ते पाहावे.